डायरेक्टरमधील शंभराहून अधिक ग्लोबल व्हेरिएबल्स कशी आवरावीत?

अनुबंध

नमस्कार.

शालेय विज्ञानाच्या एका शैक्षणिक सीडीचे अर्धवट राहिलेले काम तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले. मूळ प्रोग्रामर काम सोडून गेले असून त्यांनी मागे एकही टिपण ठेवलेले नाही. सीडी डायरेक्टर एमएक्स २००४ या मल्टिमीडिया बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली आहे आणि सर्व स्क्रिप्ट लिंगो या त्याच्या भाषेत आहेत. सीडी घातली की एक छोटा प्रोजेक्टर, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्राम, सुरू होतो, तो मुख्य सूचीची मूव्ही (डायरेक्टरची फाइल) उघडतो आणि तिथून ‘गो टू मूव्ही’ने नऊ धड्यांच्या नऊ वेगवेगळ्या मूव्हींकडे जाता येते. शब्दसूची मात्र धड्याच्या वर, स्वतंत्र खिडकीत उघडते.

परवा सर्व स्क्रिप्टमधून ‘ग्लोबल’ हा शब्द (सर्व स्क्रिप्टना सामाईक असलेले व्हेरिएबल यानेच जाहीर होते) शोधून काढला आणि हाती आलेली नावे कागदावर उतरवली, तेव्हा ती ११८ भरली. त्यांत विद्यार्थ्याचे नाव आहे, गुण आहेत, आवाजाची पातळी आहे, ‘जी-बटन-१’पासून ‘जी-बटन-१२’पर्यंत बारा बटणांच्या अवस्था आहेत, आणि ‘जी-टेम्प’, ‘जी-टेम्प-२’, ‘जी-टेम्प-नवा’ अशी काही नावेही आहेत, ज्यांचे प्रयोजन त्यांच्या जन्मदात्यालाच ठाऊक. (नावे इथे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहीत आहे.)

सध्या दोन दोषांनी मला जेरीस आणले आहे. पहिला असा की धड्याचे निवेदन चालू असताना शब्दसूची उघडून बंद केली, तर पुढचे निवेदन ऐकू येत नाही. ते बंद पडलेले नसते, कारण स्पीकरला कान लावला तर अगदी पुसट ऐकू येते. पुढच्या धड्यात गेल्यावर आवाज आपोआप पूर्ववत होतो. दुसरा दोष असा की पाचव्या धड्यातील ‘सूचना पाहा’ हे बटण माझ्या संगणकावर नेहमी दिसते, पण ग्राहकाकडे प्रोजेक्टर चालवून थेट पाचवा धडा उघडला की ते दिसत नाही.

सगळी ११८ व्हेरिएबल्स एकाच मोठ्या प्रॉपर्टी लिस्टमध्ये (नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या यादीत) घालून ती एक लिस्ट तेवढी ग्लोबल ठेवावी, असा माझा विचार आहे. हे योग्य होईल का? सीडी सुपूर्द करायला पाच आठवडे उरले आहेत. शिवाय दर फ्रेमला लिस्टमधून मूल्य काढल्याने अ‍ॅनिमेशन मंदावेल का, हीही शंका आहे.

जुना_माउस

अनुबंध, आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे आधी त्या दोन दोषांबद्दल लिहितो. लिस्टचा विचार त्यानंतर करता येईल.

आवाजाचे कोडे मला असे दिसते. डायरेक्टरमध्ये आवाज मोजण्याच्या दोन पट्ट्या आहेत. एखाद्या साउंड चॅनलचा ‘व्हॉल्यूम’ ० ते २५५ असा असतो, तर संपूर्ण संगणकाची ‘साउंडलेव्हल’ ० ते ७ अशी असते. आपल्या धड्यांमध्ये बहुधा ‘जी-व्हॉल’ किंवा तशाच एखाद्या ग्लोबलमध्ये २५५ ठेवलेले असावे आणि शब्दसूचीच्या मूव्हीत कोणीतरी त्याच नावाच्या ग्लोबलमध्ये साउंडलेव्हल, म्हणजे ७, ठेवत असावे. स्वतंत्र खिडकीत चालणारी मूव्ही ही वेगळी फाइल असली तरी तिची ग्लोबल्स वेगळी नसतात. मुख्य मूव्ही आणि खिडकीतील मूव्ही यांची ग्लोबल्स एकच असतात. खिडकी बंद होताच धड्याची स्क्रिप्ट निवेदन पुन्हा सुरू करताना चॅनलचा व्हॉल्यूम त्या ग्लोबलवरून ठरवते आणि २५५ पैकी ७ एवढ्याच आवाजात निवेदन चालू होते, म्हणूनच ते बंद न पडता पुसट होते. पुढच्या धड्यात गेल्यावर तिथले ‘प्रिपेअरमूव्ही’ हँडलर (मूव्ही सुरू होताना चालणारा स्क्रिप्टचा भाग) पुन्हा २५५ भरत असणार. माझा तर्क तपासायचा असेल तर डायरेक्टरमध्येच धडा चालवा, शब्दसूची उघडून बंद करा आणि लगेच मेसेज विंडोत, म्हणजे आज्ञा टंकून उत्तर पाहण्याच्या खिडकीत, त्या ग्लोबलच्या नावाआधी ‘पुट’ लिहून पाहा. मेसेज विंडोत ‘ग्लोबल’ असे जाहीर करावे लागत नाही.

पाचव्या धड्यातील बटणाचे कारण याहून साधे आहे आणि त्याने आमच्यासारख्यांच्या कित्येक रात्री खाल्ल्या आहेत. डायरेक्टरमध्ये काम करताना मूव्ही थांबवली म्हणून ग्लोबल्स पुसली जात नाहीत. डायरेक्टर बंद करेपर्यंत किंवा ‘क्लिअरग्लोबल्स’ म्हणेपर्यंत ती जशीच्या तशी राहतात. सूचना दाखवायची की नाही हे सांगणारे ग्लोबल पहिल्या धड्यात भरले जात असेल आणि पाचवा धडा ते केवळ वाचत असेल, तर आपण सकाळी एकदा पहिला धडा चालवला की दिवसभर पाचवा धडा बिनतक्रार चालतो. ग्राहक मात्र कोरा प्रोजेक्टर उघडून थेट पाचव्या धड्यात जातो. तिथे त्या ग्लोबलमध्ये ‘व्हॉइड’, म्हणजे काहीच मूल्य नाही, असे असते, ‘ते खरे आहे का’ या तपासणीचे उत्तर नकारार्थी येते आणि कोणताही त्रुटिसंदेश न दाखवता बटण लपून राहते. उद्यापासून कोणताही धडा तपासण्याआधी मेसेज विंडोत क्लिअरग्लोबल्स म्हणण्याची सवय लावून घ्या. पहिल्या दोन दिवसांत इतके दोष वर येतील की ही सवय का लावून घेतली असे वाटेल, परंतु ते सर्व दोष ग्राहकाला आधीपासूनच दिसत आहेत हे विसरू नका.

आणखी एका सापळ्याकडे लक्ष वेधतो, कारण ११८ ग्लोबल्सच्या कामात तो असणारच. एखाद्या हँडलरमध्ये ग्लोबलची घोषणा करायची राहून गेली आणि तिथे त्या नावाचे मूल्य वाचले, तर लिंगो ओरडते; व्हेरिएबलला मूल्य देण्याआधीच ते वापरले आहे, असा संदेश येतो. पण तिथे केवळ मूल्य भरले असेल, तर लिंगो त्याच नावाचे एक स्थानिक व्हेरिएबल तयार करते, त्यात आपले मूल्य ठेवते आणि हँडलर संपताच ते टाकून देते. खरे ग्लोबल जागचे हलत नाही आणि संदेशही येत नाही. नाव टंकताना एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी हेच घडते. यासाठी ग्लोबलची घोषणा प्रत्येक हँडलरमध्ये वेगवेगळी न करता स्क्रिप्टच्या अगदी वर, सर्व हँडलर्सच्या आधी, एकदाच करावी. ती त्या स्क्रिप्टमधील सगळ्या हँडलर्सना लागू होते.

‘शोग्लोबल्स’ ही आज्ञा मेसेज विंडोत सर्व ग्लोबल्स व त्यांची मूल्ये छापून देते. त्या यादीत ‘व्हर्जन’ नावाचे एक ग्लोबल दिसेल. ते आपल्या पूर्वसूरींचे नाही, डायरेक्टरचे स्वतःचे आहे, म्हणून ११८ चे ११९ झाले असे समजून घाबरू नये.

वैखरी

मी बरीच वर्षे ऑथरवेअर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम केले आहे. तिथे आपण तयार केलेले व्हेरिएबल संपूर्ण फाइलभर उपलब्ध असते, त्यामुळे एका अर्थाने सगळाच कारभार ग्लोबल. तरीही आमचा गोंधळ तुलनेने कमी होत असे आणि त्याचे श्रेय आमच्या हुशारीला नाही. नवे व्हेरिएबल तयार करताना ऑथरवेअर एक चौकट समोर ठेवते आणि तीत नाव, आरंभीचे मूल्य व वर्णन अशा तीन जागा असतात. समोर रिकामी जागा दिसली की माणूस एखादी ओळ लिहितोच. लिंगोत ही चौकट नाही, तेव्हा ती आपणच कागदावर आखून घ्यायची.

तुम्ही नावे उतरवून काढली आहेत, म्हणजे अर्धे काम झालेले आहे. आता त्या यादीला चार रकाने जोडा: हे व्हेरिएबल प्रथम कुठे भरले जाते, नंतर कोण बदलते, कोण वाचते आणि त्याची गरज केव्हा संपते. डायरेक्टरच्या शोध-खिडकीत सर्व कास्टमध्ये (चित्रे, आवाज, स्क्रिप्ट यांच्या संग्रहांत) शोधण्याची सोय आहे, त्यामुळे एका नावाला तीन-चार मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते करीपर्यंत कोणत्याही फेररचनेला हात लावू नये असे माझे मत आहे. काही व्हेरिएबल्स भरली जातात पण कोणीच वाचत नाही, असे आढळेल. ती सरळ पुसून टाकता येतात.

उरलेल्यांची प्रतवारी चौथ्या रकान्यावरून करावी. विद्यार्थ्याचे नाव, निवडलेली भाषा, आवाज आणि कोणते धडे पूर्ण झाले ही माहिती सीडी बंद होईपर्यंत लागते. प्रश्नमंजूषेचे गुण, किती प्रयत्न झाले, कोणता प्रश्न चालू आहे ही माहिती एका धड्यापुरती असते. आणि बटण दाबलेले आहे का, चित्र कोणत्या टप्प्यावर आहे, माउस वर आला आहे का, ही माहिती तर पडद्यावर ठेवलेल्या त्या एका घटकापुरतीच, म्हणजे स्प्राइटपुरतीच, असते. माझ्या अनुभवात सर्वांत मोठा ढीग या तिसऱ्या प्रकारचा निघतो, आणि तो ग्लोबल असण्याचे मुळात काहीच कारण नसते.

तुमच्या बारा बटणांचेच पाहा. बारा ग्लोबल्सऐवजी एक बिहेवियर, म्हणजे स्प्राइटला जोडायची स्क्रिप्ट, लिहायचे, त्यात ‘प्रॉपर्टी पी-अवस्था’ अशी एक ओळ वर लिहायची, ‘बिगिनस्प्राइट’मध्ये तिला आरंभीचे मूल्य द्यायचे आणि ते बिहेवियर बाराही स्प्राइट्सवर टाकायचे. स्क्रिप्ट एकच राहते, परंतु प्रत्येक स्प्राइटजवळ पी-अवस्थेची स्वतःची स्वतंत्र प्रत असते. तेरावे बटण आले तर नवे व्हेरिएबल लागत नाही. एका बटणाने दुसऱ्याला काही कळवायचे असेल तर ‘सेंडस्प्राइट’ आहे, सर्वांनाच कळवायचे असेल तर ‘सेंडऑलस्प्राइट्स’ आहे. त्यासाठी ग्लोबलमध्ये चिठ्ठी ठेवून दुसऱ्याने ती दर फ्रेमला उघडून पाहायची गरज नाही.

इथे एक काळजी मात्र घ्यावी लागते. बिहेवियरमधील प्रॉपर्टीचे आयुष्य त्या स्प्राइटच्या टाइमलाइनवरील लांबीएवढेच असते. प्लेहेड (चालू फ्रेम दाखवणारा निर्देशक) त्या फ्रेम्सबाहेर गेला की ती जाते आणि परत आल्यावर बिगिनस्प्राइट नव्याने चालते. त्यामुळे ‘हा धडा पाहून झाला’ अशी बरोबरची खूण मुख्य सूचीतील बटणावर दाखवायची असेल, तर ती माहिती बटणाच्या बिहेवियरमध्ये ठेवून चालणार नाही. ती पहिल्या प्रकारात मोडते आणि बटणाने बिगिनस्प्राइटमध्ये ती तिथून वाचून घ्यावी. दोन माहित्या दिसायला एकसारख्या असतात, दोन्ही ‘बटणाची अवस्था’च असतात, पण त्यांची आयुष्ये वेगळी असतात. हे ओळखण्यासाठीच चौथा रकाना सांगितला.

तिरपा कर्सर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, म्हणून केवळ आपल्या मूळ प्रश्नाला, म्हणजे एका मोठ्या प्रॉपर्टी लिस्टच्या कल्पनेला, उत्तर देतो. माझे उत्तर नकारार्थी आहे.

११८ सुटी व्हेरिएबल्स एका लिस्टमध्ये घातली म्हणजे ११८ जिन्नस एका गाठोड्यात बांधले. शोग्लोबल्सची यादी एका ओळीची होईल आणि मनाला बरे वाटेल, पण शब्दसूचीची मूव्ही त्या लिस्टमधील आवाजाच्या जागी ७ लिहायची ती लिहीतच राहील. आपली अडचण संख्येची नाही. कोणीही, कुठूनही, काहीही लिहू शकतो आणि कोणी लिहिले ते मागाहून कळत नाही, ही अडचण आहे. ती ११८ व्हेरिएबल्सच्या बाबतीत आहे तशीच दोनांच्या बाबतीतही असते.

म्हणून वैखरी यांनी सांगितलेली चाळणी लावून जी पंधरा-वीस व्हेरिएबल्स खरोखर संपूर्ण सीडीभर लागतात, त्यांच्यासाठी एक पॅरेंट स्क्रिप्ट (ऑब्जेक्टचा साचा) लिहावी. ती सर्व मूव्हींना जोडलेल्या एकाच बाह्य कास्टमध्ये ठेवावी, म्हणजे नऊ धड्यांत तिच्या नऊ प्रती होऊन त्या हळूहळू एकमेकींपासून दूर जाणार नाहीत. त्या स्क्रिप्टच्या वर आवाज, भाषा, नाव इत्यादी प्रॉपर्टीज लिहाव्यात आणि त्या बदलण्यासाठी प्रत्येकीचा एक हँडलर लिहावा. पहिल्या मूव्हीत तिच्यापासून एक ऑब्जेक्ट तयार करून तो ‘जी-सत्र’ नावाच्या एकमेव ग्लोबलमध्ये ठेवावा. ‘गो टू मूव्ही’ने दुसऱ्या मूव्हीत गेल्यावरही ग्लोबल टिकते, म्हणून तो ऑब्जेक्टही आपल्याबरोबर येतो.

याचा लाभ आवाजाच्या उदाहरणात लगेच दिसतो. आवाज बदलणाऱ्या हँडलरमध्ये तीन गोष्टी असाव्यात. आलेले मूल्य ० ते २५५ मध्ये आहे का हे पाहावे. ते स्वतःच्या प्रॉपर्टीत ठेवून चॅनलला लावावे. आणि काम चालू असेपर्यंत ‘आवाज बदलला, नवे मूल्य अमुक, चालू मूव्ही अमुक’ अशी एक ओळ मेसेज विंडोत छापावी. ७ हे मूल्य ० ते २५५ मध्ये बसतेच, त्यामुळे पहिली तपासणी आपला दोष पकडणार नाही, हे मान्य. परंतु तिसरी ओळ पकडेल, कारण शब्दसूची उघडताक्षणी तिथे ‘नवे मूल्य ७’ असे उमटेल आणि शोध पाच मिनिटांत संपेल. हँडलरच्या नावातच पट्टीचा उल्लेख असला, जसे ‘ठेव-आवाज-२५५’, तर आणखी बरे. हे नाव सुंदर नाही, हे मलाही कळते. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे ‘जी-व्हॉल’चे झाले आहे, त्यापेक्षा कुरूप पण खरे नाव मी पत्करीन.

धड्यापुरत्या माहितीसाठी मात्र प्रॉपर्टी लिस्ट वापरायला माझी हरकत नाही, कारण तिथे लिहिणारे थोडे असतात. तिथे एक पथ्य पाळावे. लिंगोत लिस्टमधील मूल्य बदलण्यासाठी ‘सेट-ए-प्रॉप’ आणि ‘सेटप्रॉप’ असे दोन प्रकार आहेत. सेट-ए-प्रॉपला ते नाव लिस्टमध्ये सापडले नाही तर ते गुपचूप नवे नाव जोडून मोकळे होते, तर सेटप्रॉप त्रुटिसंदेश देते. वाचतानाही तसेच: ‘गेट-ए-प्रॉप’ न सापडलेल्या नावासाठी व्हॉइड परत करते, ‘गेटप्रॉप’ काम थांबवते. पुष्कळ जण पहिला प्रकार वापरतात, कारण त्याने मूव्ही अडत नाही. मी मुद्दाम दुसरा वापरतो. लिस्ट सुरुवातीला एकदा सर्व नावांसह पूर्ण लिहून घ्यायची आणि त्यानंतर नवे नाव आले तर ती टंकनाची चूक समजून डायरेक्टरने मला तिथेच अडवायचे, ही व्यवस्था मला सोयीची वाटते.

वेगाची चिंता करू नये. सेकंदाला ३० फ्रेम्स काढताना वेळ जातो तो चित्रे रंगवण्यात आणि व्हिडिओ उलगडण्यात. एखाददुसरे मूल्य लिस्टमधून काढण्यात नव्हे. एखाद्या फिरणाऱ्या लूपमध्ये तेच मूल्य शेकडो वेळा लागत असेल तर लूपच्या आधी ते स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावे, एवढे पुरे.

राहिला पाच आठवड्यांचा प्रश्न. नऊही धडे मी फेररचनेला घेणार नाही. ज्या ग्लोबल्समुळे दोष येतात ती आणि सर्व मूव्हींमध्ये वाटलेली ती एवढीच हाताळावीत. एखाद्या धड्याच्या आत दहा ग्लोबल्स एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदत असतील आणि त्यांना बाहेरचे कोणी स्पर्श करत नसेल, तर त्यांची नावे धड्याच्या क्रमांकाने सुरू होतील एवढे करून त्यांना तसेच राहू द्यावे.

अनुबंध

आपणा तिघांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

जुना_माउस यांचा आवाजाबद्दलचा तर्क तंतोतंत खरा निघाला. मेसेज विंडोत ‘जी-व्हॉल’ विचारले तेव्हा ७ हाच आकडा आला. शब्दसूचीची मूव्ही उघडताना साउंडलेव्हल जपून ठेवत होती आणि बंद होताना ती परत लावत होती. हेतू चांगलाच होता, केवळ जपून ठेवण्यासाठी निवडलेले नाव धड्यातल्या नावाशी जुळले. पाचव्या धड्याचे कारणही तेच निघाले आणि क्लिअरग्लोबल्सची सवय लावल्यावर तशाच प्रकारची आणखी चार ठिकाणे सापडली. घोषणा न करता मूल्य भरल्याची दोन उदाहरणे सातव्या धड्यात मिळाली. तिथे ‘आवाज बंद’ हे बटण इतके दिवस दाबले जात होते आणि काहीच करत नव्हते. कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

वैखरी यांच्या चार रकान्यांना दोन पूर्ण दिवस लागले. ११८ पैकी १४ कोणीच वाचत नव्हते, ती काढली. ५७ एकेका स्प्राइटपुरती होती; त्यांतील बटणांची तेवढी बिहेवियरमध्ये नेली आहेत, बाकीची सवडीने नेईन. ३० धड्यांपुरती निघाली आणि संपूर्ण सीडीभर लागणारी केवळ १७. ती आता जी-सत्र या ऑब्जेक्टमध्ये आहेत.

एक नवी अडचण उभी राहिली आहे. प्रश्नमंजूषेची माहिती धड्याच्या प्रॉपर्टी लिस्टमध्ये ठेवली आणि ‘पुन्हा सुरू करा’ बटणासाठी सुरुवातीच्या लिस्टची प्रत दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये राखून ठेवली. बटण दाबल्यावर ती प्रत परत लावतो, तरी गुण शून्य होत नाहीत. शिवाय ग्राहकाची आता अशी मागणी आहे की विद्यार्थ्याने सीडी बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तर तो जिथे होता तिथूनच पुढे जाता यावे. यासाठी ‘सेटप्रेफ’ ही माहिती फाइलमध्ये जतन करणारी आज्ञा वापरावी का?

आणखी एक विचारायचे आहे. जुनी ग्लोबल्स मागे रेंगाळू नयेत म्हणून प्रत्येक मूव्हीच्या ‘स्टॉपमूव्ही’ हँडलरमध्येच क्लिअरग्लोबल्स लिहून टाकले तर चालेल का?

जुना_माउस

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर ‘कृपया तसे करू नका’ असे आहे. मूव्ही थांबल्यावर जसे स्टॉपमूव्ही चालते, तसेच ते एका मूव्हीतून दुसऱ्या मूव्हीकडे जातानाही चालते. म्हणजे पहिल्या धड्यातून दुसऱ्या धड्यात जाता जाता आपण विद्यार्थ्याचे नाव, भाषा आणि तो नवा कोरा जी-सत्र ऑब्जेक्ट हे सगळे पुसून टाकाल. आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखे होईल. क्लिअरग्लोबल्सची जागा एकच: प्रोजेक्टर जी पहिली मूव्ही उघडतो तिचे प्रिपेअरमूव्ही, आणि तेही ऑब्जेक्ट तयार करण्याच्या ओळीआधी.

मग डायरेक्टरमध्ये थेट पाचवा धडा उघडून काम करायचे असेल तेव्हा जी-सत्र कुठून आणायचे, असा प्रश्न उरतो. धड्याच्या प्रिपेअरमूव्हीत ‘व्हॉइड-पी’ने जी-सत्र रिकामे आहे का हे पाहावे. रिकामे असेल आणि ‘रनमोड’ हे ‘ऑथर’ असे उत्तर देत असेल, म्हणजे मूव्ही डायरेक्टरमध्येच चालू असेल, तर चाचणीपुरता एक ऑब्जेक्ट तयार करावा. पण रिकामे असून रनमोड ‘प्रोजेक्टर’ असेल तर गुपचूप नवा ऑब्जेक्ट तयार करू नये. विद्यार्थ्याला मुख्य सूचीकडे परत न्यावे. नाहीतर पाचव्या धड्याच्या बटणाची कथा नव्या नावाने पुन्हा सुरू होईल.

‘पुन्हा सुरू करा’ बटणाचे कारण असे की लिंगोत एक लिस्ट दुसऱ्या व्हेरिएबलला दिली म्हणजे तिची प्रत होत नाही. दोन्ही नावे एकाच लिस्टकडे बोट दाखवतात. आपण राखून ठेवलेल्या लिस्टमधील गुणही खेळाबरोबर वाढत गेले. राखून ठेवताना ‘डुप्लिकेट’ वापरा, आणि परत लावतानाही डुप्लिकेटच लावा. दुसरी डुप्लिकेट विसरली तर बटण पहिल्यांदा नीट चालेल आणि दुसऱ्यांदा चालणार नाही. चाचणी करणारे सहसा ते एकदाच दाबतात.

माहिती जतन करण्यासाठी सेटप्रेफ वापरण्याआधी प्रोजेक्टर कुठून चालतो ते पाहा. प्रोजेक्टर वापरताना सेटप्रेफ आपली फाइल प्रोजेक्टरशेजारच्या प्रेफ्स फोल्डरमध्ये ठेवू पाहते. विद्यार्थी सीडीवरूनच प्रोजेक्टर चालवणार असेल तर तिथे काही लिहिताच येणार नाही. अशा वेळी फाइल-आयओ एक्स्ट्रा (फाइल वाचण्या-लिहिण्याचे जोड-साधन) वापरून विद्यार्थ्याच्या हार्ड डिस्कवर फाइल लिहावी लागेल.

काय लिहायचे, हा प्रश्न आता सोपा झाला आहे. आपली १७ व्हेरिएबल्स एका जागी आली आहेत, तेव्हा जी-सत्र ऑब्जेक्टलाच एक हँडलर द्या, जो या सर्वांची एक प्रॉपर्टी लिस्ट करून परत देईल. ‘स्ट्रिंग’ने तिचा मजकूर होतो, तो फाइलमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी ‘व्हॅल्यू’ने त्या मजकुराची पुन्हा लिस्ट होते. यात दोन गोष्टी सांभाळा. ऑब्जेक्ट किंवा स्प्राइटचे संदर्भ या लिस्टमध्ये घालू नका, त्यांचा असा परतीचा प्रवास होत नाही. आणि विद्यार्थ्याच्या नावात दुहेरी अवतरणचिन्ह आले तर मजकुराची लिस्ट होताना ती मधेच तुटते, म्हणून ते चिन्ह नाव घेतानाच काढून टाका. फाइल वाचल्यावर ‘लिस्ट-पी’ने हाती खरोखर लिस्टच आली आहे ना हे तपासा. आली नसेल तर पहिल्या धड्यापासून सुरुवात करा.

वैखरी

एक छोटीशी भर घालते. जतन केलेल्या लिस्टमध्ये सीडीच्या आवृत्तीचा क्रमांकही पहिल्या दिवसापासूनच ठेवा. ग्राहक सहा महिन्यांनी दहावा धडा मागतो, जी-सत्रमध्ये अठरावे व्हेरिएबल येते, आणि जुन्या फाइलमध्ये ते नसल्यामुळे तिरपा कर्सर यांचे गेटप्रॉप नेमके विद्यार्थ्यासमोर काम थांबवते. फाइलमधून वाचताना तेवढे गेट-ए-प्रॉप वापरा आणि व्हॉइड आले तर आरंभीचे मूल्य भरा. इतरत्र त्यांचेच पथ्य पाळा.

तिरपा कर्सर

मान्य. फाइल बाहेरून येते, ती आपल्या स्क्रिप्टने त्याच दिवशी लिहिलेली असेल याची हमी नसते. तिथे माझा नियम लागू होत नाही. अनुबंध, सुपूर्द करण्याआधी जी-सत्रच्या हँडलर्समधील मेसेज विंडोत छापणाऱ्या ओळी काढू नका, फक्त त्यांच्यावर रनमोडची अट घाला. दहावा धडा येईल तेव्हा त्या लागतील.